अल्पसंख्य पुढारी आणि बहुसंख्य मतदार

निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे ठाण्याहून कल्याणाकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडींत एक प्रश्न हटकून निघतो. अमुक एक उमेदवार हुशार आहे, कामाचा आहे, हाताचा स्वच्छ आहे, येथपर्यंत सर्वांचें एकमत असतें, आणि मग कोणी तरी मान हालवून म्हणतो, "तें सगळें खरें हो, पण आपले लोक त्याला मत देतील का?" त्या 'त्याला' शब्दावर जो किंचित् भार पडतो, त्याचा अर्थ डब्यांतील प्रत्येकास समजतो. तो उमेदवार मुसलमान असतो, ख्रिस्ती असतो, किंवा ज्या जातीचीं घरें गांवांत बोटांवर मोजण्याजोगीं अशा जातीचा असतो. बोलणाराचें स्वतःचें मत काय, हें तो कधीं सांगत नाहीं. तो नेहमीं 'लोकां'विषयीं बोलतो. 'लोक अजून तयार नाहींत' असा निकाल देऊन तो डोंबिवलीस उतरून जातो. ज्यांच्या नांवानें हा निकाल दिला जातो ते लोक त्याच डब्यांत उभे असतात, आणि त्यांस कोणीं कांहीं विचारिलेलें नसतें.

या निकालाची थोडी ऐतिहासिक तपासणी करावी असा आमचा विचार आहे. केवळ तत्त्वचर्चेनें हा प्रश्न सुटण्यासारखा नाहीं. सर्व माणसें सारखीं असें म्हणणाऱ्यांची वाण आपल्या देशांत कधींच नव्हती. प्रश्न अनुभवाचा आहे. आणि अनुभव म्हणाल, तर तो जुन्या मुंबई इलाख्यापाशीं व पुढें महाराष्ट्रापाशीं सव्वाशेंहून अधिक वर्षांचा सांठलेला आहे.

या वादांतील पहिला गाजलेला खटला विलायतेंत चालला, पण त्यांतला आरोपी मुंबईचा होता. १८८६ सालीं दादाभाई नौरोजी लंडनच्या होबर्न भागांतून पार्लमेंटसाठीं उभे राहिले व पडले. पुढें नोव्हेंबर १८८८ मध्यें एडिंबरो येथील सभेंत खुद्द मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनीं त्या पराभवाचा उल्लेख करून, एका काळ्या माणसास निवडून देण्याइतकी मजल इंग्रज मतदारसंघानें अजून गांठली असेल असें आपणांस वाटत नाहीं, अशा आशयाचे उद्गार काढिले. दादाभाई वर्णानें लॉर्डसाहेबांपेक्षां उजळच होते, अशी थट्टा त्यावर तेव्हां झाली. परंतु थट्टेनें मुद्दा खोडला जात नाहीं. तो खोडला फिन्सबरीच्या मतदारांनीं. १८९२ सालीं सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघानें दादाभाईंस निवडून दिलें. प्रथम पांच मतांनीं, आणि फेरमोजणी झाल्यावर तीन मतांनीं. १८९५ सालीं दादाभाई पडले हें खरें. पण त्याच सालीं लंडनच्याच बेथनल ग्रीन भागांतून मंचरजी भावनगरी हे दुसरे मुंबईकर पारशी निवडून आले, आणि तेहि सॉल्झबरींच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून! १९०० सालीं त्याच मतदारांनीं त्यांस फिरून निवडिलें.

तीन मतांच्या विजयावर मोठा सिद्धांत उभारूं नये, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. फिन्सबरीच्या निम्म्या मतदारांनीं दादाभाईंच्या विरुद्ध मत दिलें. पण कोणत्याहि चुरशीच्या लढतींत निम्मे मतदार विरुद्धच असतात. आम्हांस दाखवावयाचें आहे तें एवढेंच, कीं १८८८ आणि १८९२ यांच्यामध्यें इंग्रजांच्या अंतःकरणांत कांहीं क्रांति झालेली नव्हती. चार वर्षांत लोक तयार झाले असें म्हणण्यापेक्षां, चार वर्षांनीं त्यांस फिरून विचारण्यांत आलें असें म्हणणें अधिक खरें. पुढाऱ्याचा अंदाज हा पुष्कळदां लोकांच्या मनाचा आरसा नसून पुढाऱ्याच्याच मनाचा असतो.

इकडे हिंदुस्थानांत प्रश्नाचें उत्तर मतदारांकडून न घेतां कायद्यानेंच देऊन टाकिलें. १९०९ च्या सुधारणांनीं मुसलमानांस विभक्त मतदारसंघ मिळाले. मुसलमानानें मुसलमानास निवडावें, बाकीच्यांनीं बाकीच्यांस. १९१९ च्या सुधारणांत या तत्त्वास आणखी फांटे फुटले, आणि त्यांतला एक आज विचित्र वाटेल असा होता. मुंबईच्या कायदेकौन्सिलांत मराठे व तत्सम जाती यांच्यासाठीं सात जागा राखून ठेवाव्या लागल्या. ज्या समाजाची संख्या महाराष्ट्रांत सर्वांत मोठी, त्याच्याच पुढाऱ्यांस राखीव जागांवांचून आपला माणूस निवडून येण्याचा भरंवसा वाटत नव्हता! त्यांची भीति खोटीहि नव्हती. मताचा हक्क मालमत्तेवर बेतलेला, शिक्षण व वर्तमानपत्रें ब्राह्मणांच्या हातीं, आणि गांवचा कुळकर्णी सांगेल तिकडे मत जाण्याचा संभव. यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अल्पसंख्यत्व हें केवळ खानेसुमारीच्या कोष्टकांत नसतें. ज्याच्याविषयीं 'हा निवडून येणार नाहीं' असें आधींच ठरून गेलें, तो संख्येनें कितीहि मोठा असला तरी त्या दिवसापुरता अल्पसंख्य होय.

पारशांनीं मात्र विभक्त मतदारसंघाची वाट धरिली नाहीं. १९१९ च्या कायद्यांत नाहीं व १९३५ च्या कायद्यांतहि नाहीं. मूठभर असून ते सर्वसाधारण मतदारसंघांतच राहिले. म्हणून आमच्या प्रश्नाची खरी कसोटी पहावयाची, तर ती पारशांच्या उमेदवारींत पहावी. १९३४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हां मुंबई शहराच्या दोन जागांसाठीं काँग्रेसचे डॉ. गोपाळराव देशमुख व कन्हैयालाल मुनशी, आणि स्वतंत्र वृत्तीचे सर कावसजी जहांगीर, अशी लढत झाली. काँग्रेसचा दबदबा पूर्ण चढतीचा होता. तथापि निवडून आले ते देशमुख आणि सर कावसजी, मुनशी पडले. बहुसंख्य हिंदु मतदारांच्या शहरानें काँग्रेसच्या हिंदु उमेदवारास बाजूला सारून एका पारशास दिल्लीस पाठविलें, आणि त्यामुळें कोणाचा धर्म बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं.

याच निवडणुकीच्या पोटांतून पुढचें प्रकरण निघालें, व तें आमच्या विषयाचा गाभा आहे. खुरशेद फ्रामजी नरीमन हें नांव त्या काळीं मुंबईंत घरोघर ठाऊक होतें. बॅक बे बुजविण्याच्या कामांतील सरकारी अंदाधुंदी त्यांनीं चव्हाट्यावर मांडली. त्यावरून हार्वे नांवाच्या अधिकाऱ्यानें केलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यांत ते १९२८ सालीं निर्दोष सुटले. सत्याग्रहांत त्यांनीं तुरुंग भोगिला. १९३५-३६ सालीं ते मुंबईचे महापौर होते, आणि मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षहि. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकींत काँग्रेस हा मुंबई कायदेमंडळांतील सर्वांत मोठा पक्ष ठरला, तेव्हां नव्या राज्यघटनेखालचे मुख्य प्रधान नरीमनच होणार असा पुष्कळांचा समज होता. परंतु मार्च १९३७ मध्यें पक्षानें बाळासाहेब खेर यांस नेता निवडिलें.

नरीमन यांचा आरोप असा, कीं सरदार वल्लभभाई पटेल यांनीं आपलें वजन खर्चून आपणांस डावललें. गांधीजी व बॅरिस्टर बहादुरजी यांनीं चौकशी केली. बहादुरजी स्वतः पारशी होते हें येथें नमूद करणें योग्य होय. निर्णय नरीमन यांच्या विरुद्ध गेला. सरदारांवरील आरोप शाबीत झाला नाहीं, उलट १९३४ च्या निवडणुकींत नरीमन यांनींच पक्षाशीं दगलबाजी केली असें ठरलें. त्यांची राजकीय कारकीर्द येथेंच मोडली. पुढें मौलाना आझाद यांचें आत्मवृत्त १९५९ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें, त्यांत हें प्रकरण फिरून निघालें. पक्षांतील बहुसंख्य सभासद हिंदु असतां एका पारशानें मुख्य प्रधान व्हावें हें सरदारांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या गळीं उतरलें नाहीं, असा मौलानांचा स्पष्ट अभिप्राय.

दोहोंपैकीं खरें कोणतें? नरीमन हे सर्व पुढाऱ्यांशीं गोडीनें वागणारे गृहस्थ नव्हते, आणि खेर हे निष्कलंक व सौम्य पुरुष होते. नुसत्या गुणांवर तोलूनहि कोणी खेरांस पसंत केलें असतें. त्यांत अन्याय झालाच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मौलानांसारखा काँग्रेसचा अध्यक्षपदीं बसलेला मनुष्य असा अभिप्राय लिहून ठेवतो, तेव्हां ती शंका त्या काळच्या श्रेष्ठींच्या बैठकींत नुसती वाऱ्यावर आलेली नसावी. आमचा मुद्दा तर याहून साधा आहे. या सर्व प्रकरणांत मतदार कोठें आहे? त्यानें १९३७ सालीं नरीमन यांस मुंबईंतून निवडून दिलें होतें. जो कांहीं संशय, जी कांहीं गाळणी, ती मतपेटीच्या पलीकडे, पक्षाच्या दालनांत झाली. लोक तयार होते कीं नव्हते, हें कळण्याची वेळच आली नाहीं.

आणि नियतीचा विनोद असा, कीं मुंबई इलाख्याचा पहिला मुख्य प्रधान पारशीच झाला! काँग्रेसनें अधिकार घेण्यास प्रथम नकार दिल्यामुळें एप्रिल १९३७ पासून जुलैपर्यंत जें तात्पुरतें मंत्रिमंडळ चाललें, त्याचे मुख्य साताऱ्याचे सर धनजीशा कूपर होते. साताऱ्यासारख्या मराठेशाहीच्या राजधानींत ज्यांचें राजकारण वाढलें, ज्यांचे लोखंडी नांगर देशावरच्या शेतकऱ्यांनीं वापरले, त्यांस बहुमत नसतां गव्हर्नरानें बसविलें; आणि ज्या पारशी पुढाऱ्याच्या पाठीशीं लोकपक्ष होता, त्यास त्या पक्षानें बसविलें नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहिली पाहिजे. कारण मतदार हा सदैव निर्मळ व पुढारी तेवढे मलिन, असें म्हणणें ही सुद्धां एक खुशामतच होय. १९३२ च्या पुणें करारानें अस्पृश्यांच्या राखीव जागा संयुक्त मतदारसंघांत आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ सालीं मुंबईंतून राखीव जागेवर निवडून आले होते. पुढें राज्यघटनेचा मसुदा करणारे, स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री असे हे पुरुष १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत उत्तर मुंबईंतून उभे राहिले आणि काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांच्याकडून सुमारें साडेचौदा हजार मतांनीं पराभूत झाले. १९५४ सालीं भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींत पुनः तोच प्रकार. ही गोष्ट महाराष्ट्राच्या मतदारास भूषणावह नाहीं.

तथापि हिचा अर्थ नीट लावला पाहिजे. काजरोळकर हेहि दलितच होते. म्हणजे मतदारानें अस्पृश्यास मत देण्याचें नाकारिलें असें घडलें नाहीं. राखीव जागेवर दुसरें कांहीं घडणें शक्यहि नव्हतें. त्यानें निवड केली ती दोन अस्पृश्यांमध्यें. आणि ज्याच्या मागें बहुसंख्यांचा बलाढ्य पक्ष उभा होता त्यास घेतलें, ज्यानें आपल्या समाजाचें दुःख स्वतःच्या शब्दांत, कोणाची भीड न धरतां मांडलें त्यास टाकिलें. काँग्रेसची लाट, दोन जागांचे जोड मतदारसंघ, अशीं दुसरींहि कारणें होतीं. पण एवढें सत्य उरतेंच, कीं बहुसंख्य मतदारास अल्पसंख्य माणूस चालत होता, त्याचा स्वतंत्र बाणा चालत नव्हता. 'लोक तयार आहेत काय' या प्रश्नांत खरें पाहतां दोन प्रश्न एकत्र शिवलेले आहेत. निराळ्या समाजाचा माणूस चालेल काय, हा एक. आणि तो निराळा राहून चालेल काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर इतिहास पुष्कळदां होकारार्थी देतो. दुसऱ्याच्या वेळीं तो अडखळतो.

१९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, त्यानंतरचा अनुभव या दृष्टीनें पहावा. वसंतराव नाईक हे बंजारा समाजाचे. त्या समाजाची राज्यांतील संख्या थोडी. तरी १९६३ पासून १९७५ पर्यंत इतका दीर्घ काळ सलग मुख्यमंत्रिपद दुसऱ्या कोणास लाभलें नाहीं. गांधीजींच्या वधानंतर १९४८ सालीं ब्राह्मणांचीं घरें जळालीं, तेव्हां या प्रांतांत ब्राह्मण पुनः कधीं राज्याचा प्रमुख होणार नाहीं असें शहाणे लोक खात्रीनें सांगत. १९९५ सालीं मनोहर जोशी व २०१४ सालीं देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. २००३ सालीं सुशीलकुमार शिंदे यांच्या रूपानें दलित मुख्यमंत्री आला. थोडक्यांत, जातीच्या बाबतींत महाराष्ट्राच्या तयारीविषयींचे बहुतेक अंदाज चुकले आहेत. धर्माच्या बाबतींत मात्र उदाहरण एकच, आणि तें बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचें.

अंतुले कुलाबा जिल्ह्यांतील आंबेत गांवचे. १९६२ सालीं ते श्रीवर्धन मतदारसंघांतून विधानसभेवर आले. श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथाचें, पेशव्यांचें मूळ गांव. आणि हाच मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नबाबाच्या संस्थानांत होता. हिंदूंच्या मनांत जुन्या आठवणी डंख धरून बसण्यास याहून योग्य स्थळ शोधून सांपडणार नाहीं. पण त्या हिंदुबहुल टापूनें अंतुल्यांस वरचेवर निवडिलें. पुढें कुलाबा लोकसभा मतदारसंघानेंहि १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ सालीं त्यांस दिल्लीस पाठविलें. रस्ता, साकव, शाळा, मुंबईंत अडल्यानडल्याचें काम, या हिशेबांनीं कोंकणचा मतदार आपला माणूस ओळखतो. नमाज आणि पूजा यांचा हिशेब तो त्या मानानें कमी ठेवितो, असेंच यावरून दिसतें.

मुख्यमंत्रिपद त्यांस जून १९८० मध्यें मिळालें तें मात्र इंदिरा गांधींच्या मर्जीनें. कुलाबा जिल्ह्यास रायगड हें नांव १९८१ सालीं त्यांच्याच कारकीर्दींत दिलें गेलें. भवानी तरवार विलायतेहून परत आणण्याची घोषणा त्यांचीच. ही शिवभक्ति मनापासूनची होती असें मानण्यास आमची कांहींच हरकत नाहीं. कोंकणी मुसलमानास शिवाजीमहाराज परके कां असावे? पण हेंहि दिसतें, कीं कोणा मराठा वा ब्राह्मण मुख्यमंत्र्यास आपण महाराष्ट्राचे आहों हें असें पदोपदीं सिद्ध करावें लागलें नव्हतें. सिमेंटच्या वांटपाच्या प्रकरणीं मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यामुळें जानेवारी १९८२ मध्यें अंतुले पायउतार झाले. हें पतन धर्मामुळें झालें नाहीं. परंतु त्याचा परिणाम ज्या रीतीनें झाला ती विचार करण्याजोगी आहे. १९८६ सालीं शिवाजीराव पाटील निलंगेकर यांसहि परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणीं उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांमुळें जावें लागलें. तेव्हां 'एक मराठा करून पाहिला, आतां पुरे' असें कोणीं म्हटलें नाहीं. अंतुल्यांनंतर मात्र दुसऱ्या मुसलमानाचें नांव त्या पदासाठीं गंभीरपणें निघालें नाहीं. बहुसंख्यांतला माणूस चुकतो तेव्हां तो एकटा चुकतो. अल्पसंख्यांतला चुकतो तेव्हां त्याच्या पाठीमागची सारी रांग मागें ढकलली जाते.

आतां ज्या गाडींतून आम्हीं आरंभ केला तिच्या वाटेवरच्या प्रदेशाकडे परत येऊं. ठाणें-कल्याणचा हा पट्टा सरमिसळ वस्तीचा आहे. ठाण्यांत बेने इस्रायलांचें प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभें आहे. पोर्तुगीज अंमलापासूनचे ख्रिस्ती येथें मराठी बोलतात. कल्याणजवळच्या मलंगगडावरील दर्ग्याची वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे परंपरेनें चालत आली. पण याच पट्ट्यांत भिवंडी आहे, आणि १९७० व १९८४ सालच्या तेथील दंगलींचीं आठवण पुसलेली नाहीं. याच पट्ट्यांत दुर्गाडीच्या किल्ल्यावर देवीचें देऊळ व इदगाह यांचा तंटा दशकेंच्या दशकें न्यायालयांत चालला. १९६७ सालीं शिवसेनेस पहिली सत्ता मिळाली ती ठाणें नगरपालिकेची. आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिनें उघड हिंदुत्वाचा झेंडा घेतला, तेव्हां तिचा पाया येथें भक्कम होता.

अशा ठिकाणीं, अशा वेळीं, अशा पक्षाकडून १९९० सालीं अंबरनाथ मतदारसंघांत उभे राहिले कल्याणचे साबीर शेख. पेंगणाऱ्या प्रवाशाच्या शास्त्राप्रमाणें ते पडावयास हवे होते. ते निवडून आले. १९९५ सालीं निवडून आले, आणि १९९९ सालीं तिसऱ्यांदा. मध्यंतरीं डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींनीं मुंबई होरपळून निघाली होती, आणि हिंदु व मुसलमान यांच्यांत इतकें अंतर पूर्वीं क्वचितच पडलें असेल. तरी मतदारांनीं, ज्यांत हिंदु बहुसंख्य, आपल्या साबीरभाईंस सोडिलें नाहीं. १९९५ च्या युतीच्या मंत्रिमंडळांत कामगार खातें त्यांच्याकडे आलें. कारखान्यांच्या या टापूचा माणूस त्या खात्यास शोभणाराहि होता.

हें उदाहरण पाहून आनंद वाटावा असें आहे, व तो आम्हांस वाटतो. परंतु आनंदाच्या भरांत दुसरा प्रश्न विसरतां येत नाहीं. साबीर शेख हे शिवचरित्राचे प्रसिद्ध व्याख्याते होते. शिवभक्त हीच त्यांची ओळख. मतदारानें जो मुसलमान स्वीकारला तो शिवचरित्र मुखोद्गत असलेला, पक्षप्रमुखाचा निष्ठावंत सैनिक. समजा, तोच उमेदवार तितकाच कामसू, तितकाच प्रामाणिक, पण मुसलमानांच्या गाऱ्हाण्यांविषयीं मोकळेपणीं बोलणारा असता, तर? ज्या मंत्रिमंडळांत ते बसले होते त्यानेंच न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांचा दंगलींविषयींचा चौकशी आयोग १९९६ च्या आरंभीं गुंडाळला. तो फिरून नेमिला गेल्यावर त्याचा अहवाल आला, आणि १९९८ सालीं मंत्रिमंडळानें त्याचे निष्कर्ष अमान्य केले. त्या दिवशीं मंत्रिमंडळांतील मुसलमान मंत्र्याच्या मनांत काय आलें असेल, याचा तर्क करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण अल्पसंख्य माणसास बहुसंख्यांच्या घरांत जागा मिळते तेव्हां तिच्याबरोबर एक अलिखित अट येते, आणि ती अट कधीं ना कधीं त्याच्या जिभेवर येऊन बसते, हें सांगण्यास तर्काची गरज नाहीं. १९५२ सालीं आंबेडकरांनीं ती अट मानिली नाहीं. त्याची किंमत त्यांनीं दिली.

या चित्राची उलट बाजू त्याच लोहमार्गावर, कांहीं स्थानकें अलीकडे आहे. मुंब्रा-कळवा मतदारसंघांत मुंब्र्याच्या मुसलमान वस्तीचें बळ मोठें. तेथून २००९ पासून प्रत्येक वेळीं जितेंद्र आव्हाड निवडून आले आहेत, आणि ते हिंदु आहेत. २०२४ सालीं फुटलेल्या पक्षाच्या दुसऱ्या गटानें त्यांच्यासमोर नजीब मुल्ला यांस उभें केलें. जात-धर्माचीं गणितें मांडणाऱ्यांस लढत अवघड वाटली असेल. आव्हाड मोठ्या मताधिक्यानें विजयी झाले. येथें मुंब्र्याच्या मतदारानें आपल्या धर्माचा माणूस आणि आपल्या बाजूनें बोलणारा माणूस यांत भेद केला. हाच भेद बहुसंख्य मतदारानेंहि करावा, असा आग्रह धरण्यांत अवाजवी तें काय? 'ते लोक आपल्याच माणसास मत देतात' असें जें सर्रास म्हटलें जातें, त्यास मुंब्र्याहून चार वेळां उत्तर आलेलें आहे.

बाहेरच्या जगाचे दाखले घेतले तरी निष्कर्ष फार वेगळा निघत नाहीं. मालवण तालुक्यांतील वराड गांवच्या एका डॉक्टरचा मुलगा लिओ वराडकर २०१७ सालीं आयर्लंडचा पंतप्रधान झाला. पक्षाच्या अंतर्गत निवडणुकींत सामान्य सभासदांचीं मतें प्रतिस्पर्ध्यास अधिक पडलीं होतीं, पण खासदारांनीं वराडकरांस उचलून धरिलें. म्हणजे तेथें पुढारी पुढें होते. अमेरिकेंत काळ्या वर्णाचा अध्यक्ष व्हावयास लोक तयार नाहींत, असें २००७ सालपर्यंत त्याच्या वर्णाचे लोकहि म्हणत. २००८ सालीं बराक ओबामा झाले, आणि २०१२ सालीं फिरून झाले. याचा अर्थ तेथील वर्णद्वेष सरला असा कोणीं घेतला असेल, तर तो पुढें फसला. तयारी ही पिकलेल्या फळासारखी एकदां हातीं येऊन राहणारी वस्तु नव्हे. विहिरीसारखी ती उपसावी लागते. उपसा थांबला कीं गाळ धरतो.

आमच्याकडे तो उपसा थांबला आहे, हें खेदानें लिहावें लागतें. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें महाराष्ट्रांत मुसलमान सुमारें साडेअकरा टक्के. २००९ च्या लोकसभेंत राज्यांतून एकहि मुसलमान गेला नाहीं. अंतुल्यांचा त्या सालीं रायगडांत पराभव झाला. २०१४ सालीं नाहीं. २०१९ सालीं औरंगाबादेहून इम्तियाज जलील थोडक्या मतांनीं निवडून आले. २०२४ सालीं पुनः नाहीं. यांत मतदारानें नाकारिले किती आणि पक्षांनीं उभेच केले नाहींत किती, याची वांटणी ज्यानें त्यानें उमेदवारांच्या याद्या काढून करावी. जें पान वाढलेंच नाहीं तें पाहुण्यानें टाकिलें असें म्हणतां येत नाहीं.

अंतुले व साबीर शेख हे दोघेहि २०१४ सालीं, थोड्याच अंतरानें, निवर्तले. एक कोंकणाचा, एक कल्याणचा; एकाचा पक्ष सर्वधर्मसमभावाचा, दुसऱ्याचा हिंदुत्वाचा. दोघांसहि बहुसंख्य हिंदूंनीं निवडिलें, आणि दोघांसहि शिवाजीमहाराजांच्या साक्षीनें आपलें मराठीपण सिद्ध करावें लागलें. पहिल्या गोष्टीबद्दल महाराष्ट्रानें अभिमान धरावा. दुसरीबद्दल थोडें अंतर्मुख व्हावें. ज्या दिवशीं अल्पसंख्य समाजाचा एखादा माणूस असामान्य नसतांहि निवडून येईल, निवडून आल्यावर चुकेल, चुकल्याबद्दल पडेल, आणि तरी पुढच्या खेपेस त्याच्याच समाजाच्या दुसऱ्या माणसाचें नांव कोणी सहज सुचवील, त्या दिवशीं लोक तयार झाले असें आम्ही समजूं.

तोंपर्यंत गाडींतल्या त्या गृहस्थास आमची एवढीच विनंति आहे, कीं 'लोक मत देतील का?' असें विचारण्याच्या जागीं त्यानें एकदां 'मी देईन का?' असें विचारून पहावें. उत्तर मोठ्यानें सांगण्याची आवश्यकता नाहीं. मतदान गुप्तच असतें. पण डोंबिवली येईपर्यंत तेवढ्या एका प्रश्नानें त्यास झोंप लागूं नये.